पुढे सांभाळणार कोण?

बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या लेथ अजून दोन पाळ्यांत चालतात आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. बेअरिंग झिजले की बदलतात, पट्टा तुटला की नवा घालतात, आणि मशीन बनवणारी मूळ कंपनी केव्हाच बंद पडली असली तरी हवा तो भाग कापून देणारा कारागीर दोन गल्ल्यांपलीकडे सापडतो. त्याच कारखान्याच्या ऑफिसातली स्टोअरची आणि चलानांची संगणकावरची व्यवस्था मात्र दहा वर्षांत जुनी ठरते, आणि तिला हात लावायला कोणी तयार होत नाही. बडोद्यातल्या अशा कारखान्यांना सॉफ्टवेअर करून देणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेची कोणती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, घ्यावी हा प्रश्न माझ्यापुढे येतो तो याच विसंगतीतून येतो.

अशाच एका कारखान्याचे काम सध्या आमच्याकडे आहे. तिथली जुनी व्यवस्था अँग्युलरजेएस या जुन्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे तयार सांगाड्यात, लिहिलेली आहे, लिहिणारी मंडळी पांगली आहेत, आणि ती नव्याने लिहून हवी आहे. मालक गुजराती, मी दांडिया बाजारातला मराठी. आमची बोलणी दोन्ही भाषांच्या मधल्या पट्टीत होतात. रिॲक्ट, व्ह्यू, स्वेल्ट या लायब्ररींमधला फरक मी त्यांना जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले : ‘तमे नहि हो त्यारे कोण जोशे?’ तुम्ही नसाल तेव्हा कोण पाहील, हा प्रश्न मला त्या सगळ्या चर्चेपेक्षा अधिक तांत्रिक वाटतो. लायब्ररी निवडताना आपण आपल्यासाठी निवडत असतो असा समज असतो; वस्तुतः ती निवड आपण एका अनोळखी माणसाच्या वतीने करत असतो, जो चार-सहा वर्षांनी हा कोड उघडेल आणि ज्याच्याशी आपले एकदाही बोलणे झालेले नसेल.

बडोद्यात तर हा माणूस अनोळखी असणार हे जवळजवळ ठरलेलेच असते. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या कलाभवनाचा वारसा सांगणाऱ्या अभियांत्रिकी विद्याशाखेतून दरवर्षी हुशार मुले-मुली बाहेर पडतात, आमच्यासारख्या लहान ऑफिसांत वर्ष-दोन वर्षे काम शिकतात आणि मग पुणे, अहमदाबाद किंवा बंगळूरची वाट धरतात. त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. त्यांच्या वयात मीही तेच केले होते. परंतु ग्राहक मात्र इथेच राहतो.

कोणती लायब्ररी जुन्या वापरकर्त्यांशी कशी वागली हे पाहिल्याखेरीज या प्रश्नाचा विचार करता येत नाही, आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागते. जॉन रेसिग यांनी २००६ मध्ये जेक्वेरी ही लायब्ररी आणली तेव्हा ब्राउझर एकमेकांशी फटकून वागत. एखाद्या बटणावर क्लिक झाल्याची दखल घ्यायची तर इंटरनेट एक्स्प्लोररसाठी एक पद्धत आणि इतरांसाठी दुसरी. सर्व्हरकडून माहिती आणायची तर एक्स्प्लोररच्या सहाव्या आवृत्तीत ॲक्टिव्हएक्सचा आडमार्ग. जेक्वेरीने हे सगळे भेद एका डॉलरच्या चिन्हामागे झाकले. त्याच सुमारास प्रोटोटाइप आणि मूटूल्स याही लायब्ररी लोकप्रिय होत्या, आणि त्यांच्या रचनेत एक मूलभूत फरक होता : जेक्वेरी आपली सगळी कामे आपल्याच वस्तूत ठेवत असे, तर या दोघी भाषेच्या मूळ वस्तूंनाच, म्हणजे ॲरे (याद्या), स्ट्रिंग (मजकूर) यांनाच, आपल्या नव्या क्रिया जोडून देत. लिहिताना ही दुसरी पद्धत अधिक देखणी वाटायची, आणि तेव्हा कोणी मला विचारले असते तर मी कदाचित मूटूल्सच्याच बाजूने बोललो असतो.

त्या देखणेपणाची किंमत २०१८ मध्ये चुकवावी लागली, आणि तीही मूटूल्स कधीही न वापरलेल्या लोकांना. जावास्क्रिप्टचे प्रमाणीकरण करणाऱ्या समितीला ॲरेमधले आतले ॲरे सपाट करणारी क्रिया भाषेतच आणायची होती आणि तिचे स्वाभाविक नाव होते ‘फ्लॅटन’. पण मूटूल्सने त्याच नावाची क्रिया फार पूर्वी ॲरेला चिकटवलेली होती. ब्राउझरने स्वतःची ‘फ्लॅटन’ आणताच मूटूल्सची ती क्रिया मोजणीच्या लूपमध्ये दिसेनाशी होई, तिची नक्कल पुढे होत नसे, आणि कित्येक वर्षे कोणी हात न लावलेली संकेतस्थळे बंद पडण्याची वेळ येई. पुष्कळ वादानंतर, थट्टेखातर ‘स्मूश’ असे एक नाव सुचवून झाल्यानंतर, समितीने ‘फ्लॅट’ हे नाव ठरवले. त्याआधी ‘कंटेन्स’ या नावाचेही असेच झाले होते आणि ते ‘इन्क्लुड्स’ करावे लागले. म्हणजे २००६-०७ मध्ये कोठल्या तरी ऑफिसात कोणी तरी सोय म्हणून केलेल्या निवडीने अकरा-बारा वर्षांनी सगळ्या जगाच्या भाषेतला शब्द बदलला. वेबचा नियमच असा आहे की जुने पान मोडायचे नाही. ब्राउझर तो नियम निष्ठेने पाळतात, लायब्ररी मात्र पाळतातच असे नाही, आणि ज्याला टिकाऊ काम करायचे आहे त्याने हा फरक पक्का ध्यानात ठेवावा.

अँग्युलरजेएसचे उदाहरण माझ्यासमोर रोज उघडे असते, कारण जुनी व्यवस्था त्याच्यातच आहे. गूगलने २०१० मध्ये आणलेल्या या फ्रेमवर्कने एक फार मोहक गोष्ट देऊ केली होती : एचटीएमएलमध्ये नुसते नाव लिहा, माहिती बदलली की पान आपोआप बदलेल आणि पानावर काही भरले की माहिती बदलेल. आतली यंत्रणा अशी की कोणतीही घटना घडली की पानाशी बांधलेल्या सगळ्या किमती (व्हॅल्यू) तपासायच्या, काही बदललेले आढळले तर पुन्हा सगळ्या तपासायच्या, आणि काहीच बदलत नाही असे दिसेपर्यंत ही फेरी चालू ठेवायची. कारखान्याच्या स्टोअरची यादी काही शे नगांची होती तोवर हे कोणाच्या लक्षात आले नाही. यादी हजारोंवर गेली, प्रत्येक ओळीत आठ-दहा रकाने आले, आणि शोधाच्या चौकटीत एक अक्षर टाईप केले की ते उमटायला क्षणभर थांबावे लागू लागले. स्टोअरकीपर आधी कागदावर नाव लिहून घेतो आणि मग एका दमात टाईप करतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

पण मंदपणा हा त्यातला लहान भाग. ऑक्टोबर २०१४ मध्ये जाहीर झाले की पुढची आवृत्ती मुळापासून वेगळी असेल, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आले तेव्हा नाव सोडून फारसे काही तेच उरले नव्हते : भाषा टाईपस्क्रिप्ट, रचना कंपोनंटची, म्हणजे सुट्या घटकांची, आधीचे कंट्रोलर आणि स्कोप गेले. दोन्ही आवृत्त्या शेजारी-शेजारी चालवत हळूहळू जाण्याची सोय दिलेली होती हे खरे आहे, आणि मोठ्या कंपन्यांनी ती वापरलीही. पण ज्या कारखान्यात पूर्ण वेळ प्रोग्रामरच नाही तिथे ती सोय असून नसल्यासारखी. २०२१ च्या अखेरीस जुन्या अँग्युलरजेएसचा आधार संपला. तरीही एक गोष्ट न्याय म्हणून नोंदवायला हवी. ती पाने आजही ब्राउझरमध्ये उघडतात आणि चालतात. पडले आहे ते चालणे नव्हे, दुरुस्त करणारा माणूस मिळणे.

रिॲक्टची वर्तणूक या बाबतीत बरी आहे, आणि त्याचे कारण परोपकार नसून गरज आहे असे मला वाटते. फेसबुकमध्ये जॉर्डन वॉक यांनी घडवलेली ही लायब्ररी मे २०१३ मध्ये खुली झाली तेव्हा जावास्क्रिप्टच्या पोटात एचटीएमएलसारखे काही लिहायचे या कल्पनेची बरीच टवाळी झाली होती. तिच्यामागची मूळ कल्पना मात्र साधी होती : स्थिती, म्हणजे त्या घडीची माहिती, द्या, त्या स्थितीत पान कसे दिसावे ते सांगा, आणि आधीच्या चित्रापासून नव्या चित्रापर्यंत कसे जायचे ते लायब्ररीवर सोडा. फेब्रुवारी २०१९ मध्ये हुक्स, म्हणजे क्लासऐवजी साध्या फंक्शनमध्येच स्थिती ठेवण्याची सोय, आले, लिहिण्याची सगळी रीत बदलली, तरी जुने क्लास कंपोनंट मोडले नाहीत, कारण ते खुद्द फेसबुकच्याच कोडमध्ये हजारोंनी पडलेले होते आणि ते सगळे पुन्हा लिहिणे त्यांनाही परवडणारे नव्हते. लायब्ररीचा कर्ता स्वतःच तिचा सर्वांत मोठा आणि सर्वांत जुना वापरकर्ता असेल तर लहान वापरकर्त्याला त्या सावलीत निभावून नेता येते. त्या सावलीचीही एक बाजू आहे : रिॲक्टच्या परवान्यात पेटंटविषयीचे एक कलम होते, त्यावरून २०१७ मध्ये खुले सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या अपाचे फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत तिला मनाई केली, वर्डप्रेसने पाठ फिरवण्याचे जाहीर केले, आणि त्यानंतर काही दिवसांतच, सप्टेंबर संपण्याआधी, फेसबुकने ते कलम नसलेला साधा एमआयटी परवाना दिला. वर्डप्रेसएवढे वजन आमच्याकडे असण्याचे काही कारण नाही. आमच्यासारख्यांनी परवाना आधीच वाचावा हे बरे.

रिॲक्ट टिकते, तिच्या भोवतालचे टिकतेच असे नाही. तिने स्वतःकडे फक्त पान रंगवण्याचे काम ठेवले आहे. पत्त्यानुसार योग्य पान दाखवणारा राउटर, स्थिती सांभाळणारी वेगळी लायब्ररी, फॉर्म, माहिती आणण्याची यंत्रणा, हे सगळे ज्याने त्याने बाजारातून उचलायचे. नवशिक्यांच्या एका अख्ख्या पिढीने ज्या ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ या साधनाने सुरुवात केली ते फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाले. फेसबुकच्याच घरातून आलेली रिकॉइल ही स्थिती सांभाळणारी लायब्ररी त्याच वर्षाच्या आरंभी गुंडाळली गेली. एखाद्या जाहिरातीत ‘रिॲक्ट येणारा हवा’ असे लिहिलेले असते तेव्हा त्या माणसाला नक्की काय येते हे त्या शब्दावरून कळत नाही.

व्ह्यूविषयी मला आपलेपणा आहे आणि तो मी लपवत नाही. एव्हान यू यांनी गूगलमधल्या अनुभवानंतर २०१४ मध्ये ती आणली, आणि तिचे पान एचटीएमएलसारखेच दिसते. बांधणीची, म्हणजे लिहिलेला कोड ब्राउझरसाठी जुळवून देण्याची, कोणतीही यंत्रणा न लावता एक फाईल पानात जोडून ती वापरता येते, ही सोय कारखान्याच्या कामात मला फार मोलाची वाटते. पण दुसऱ्या आवृत्तीतून तिसरीत जाताना तिथेही घुसमट झाली. सप्टेंबर २०२० मध्ये व्ह्यू ३ आली. लिहिण्याची जुनी रीत तिने राखली, स्थलांतरासाठी खास आवृत्तीही दिली. तरी तिच्यावर उभ्या असलेल्या व्ह्यूटिफायसारख्या घटकसंचाला तयार व्हायला नोव्हेंबर २०२२ उजाडले, आणि २०२३ च्या अखेरीस व्ह्यू २ चा आधार संपला. मधल्या काळात अनेक ऑफिसे दाराच्या उंबऱ्यावर उभी होती. स्वेल्टबद्दल एवढेच म्हणतो की कल्पना म्हणून ती मला सर्वांत अधिक आवडते, आणि बडोद्यात तिच्यावर काम केलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

वेगाच्या चाचण्यांवर मी आता वेळ घालवत नाही. हजार ओळींचे टेबल कोणती लायब्ररी किती मिलिसेकंदांत उभे करते याचे तक्ते प्रामाणिकपणे केलेले असतात, परंतु आमच्या पडद्यावर एका वेळी पन्नास ओळी दिसतात आणि चलानाचा मोबाईलवरून काढलेला एक फोटो या सगळ्या लायब्ररींच्या बेरजेपेक्षा जड असतो.

ज्याकडे तुलनेच्या लेखांत जवळजवळ कोणीच पाहत नाही अशी गोष्ट म्हणजे बांधणीची साधने. ऑक्टोबर २०२१ मध्ये नोडची, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची, सतरावी आवृत्ती ओपनएसएसएल ३ ही सुरक्षेची लायब्ररी घेऊन आली. तिने एमडी४ हे जुने, कमकुवत झालेले हॅश (माहितीची छोटी खूण काढण्याची पद्धत) बाजूला ठेवले होते, आणि वेबपॅक ४ हे बांधणीचे साधन नेमके तेच आपल्या अंतर्गत कामासाठी वापरत असे. परिणाम असा झाला की ज्या प्रकल्पांतल्या एका ओळीलाही कोणी हात लावला नव्हता ते नव्या संगणकावर बांधलेच जाईनात. त्यावर एक जुनाट पर्याय चालू करण्याचा मंत्र सगळीकडे फिरला, आणि तो आजही कित्येक प्रकल्पांच्या पहिल्या ओळीत का आहे हे न कळता बसलेला असतो. पॅकेजांचे अवलंबित्व ही त्याचीच पुढची पायरी. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचे अकरा ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएम या पॅकेजांच्या सार्वजनिक साठ्यावरून काढून घेतले आणि जगभर बांधण्या कोसळल्या. ते पॅकेज करत काय होते, तर मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरत होते. आज तेवढे काम भाषा स्वतः करते. म्हणून मी नव्या कामात प्रत्येक पॅकेजमागे विचारतो की हे ब्राउझर आधीच करत नाही ना. लाख-कोटींचे स्वल्पविराम पूर्वी आम्ही स्वतः लिहीत असू. आता ब्राउझरमधली आंतरराष्ट्रीयीकरणाची सोय ‘मराठी, भारत’ म्हटले की १२,३४,५६७ असे देवनागरी अंकांसह देते, आणि ‘गुजराती, भारत’ म्हटले तर इंग्रजी अंक देते, जे आमच्या ग्राहकाला हवेच असतात. तारखांसाठी सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मोमेंटच्या कर्त्यांनी तर सप्टेंबर २०२० मध्ये स्वतःच सांगून टाकले की नव्या कामासाठी आम्हांला घेऊ नका. असा सरळपणा मला या व्यवसायात फार थोड्या ठिकाणी दिसला आहे.

आता आमच्या कामाकडे येतो. शॉप फ्लोअरवरचा संगणक विंडोज ७ चा आहे, कारण त्याला जोडलेल्या वजनकाट्याचे सॉफ्टवेअर पुढच्या विंडोजवर चालत नाही आणि मालक काटा बदलणार नाहीत. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. पानांच्या सजावटीसाठी वापरल्या जाणाऱ्या टेलविंडच्या चौथ्या आवृत्तीला किमान क्रोम १११ लागते, त्यामुळे तो वाद सुरू होण्याआधीच मिटला आणि आम्ही साधे सीएसएस लिहायला बसलो. चलान, स्टोअरची आवक-जावक, तपासणीच्या नोंदी, हे सगळे पडदे सर्व्हरवर तयार होणारे साधे एचटीएमएल फॉर्म आहेत. त्यांना लायब्ररीची गरजच नाही, आणि ज्याला एचटीएमएल येते त्या कोणालाही ते उघडून समजतील. उरला तो उत्पादनाच्या नियोजनाचा एक फलक, जिथे कोणते काम कोणत्या मशीनवर आणि कोणत्या पाळीत हे हलवताना तासांची बेरीज लगेच बदलायला हवी. तिथे लायब्ररी हवी.

मी व्ह्यू म्हटले. आमच्याकडची तरुण सहकारी, कलाभवनातूनच आलेली, म्हणाली, ‘दादा, तुमचाच मुद्दा घेऊन सांगते. मी पुढच्या वर्षी पुण्याला जाणार हे तुम्हांलाही माहीत आहे. माझ्या वर्गातल्या ज्यांना जावास्क्रिप्ट येते त्या सगळ्यांना रिॲक्ट येते. व्ह्यू येणारा तुम्ही कुठून आणणार?’ मी म्हटले की व्ह्यू दोन दिवसांत वाचता येते. त्यावर ती म्हणाली, ‘येते, पण ते तुम्ही नसताना त्या मालकांना कोण सांगणार?’ याला माझ्याकडे उत्तर नव्हते. फलक रिॲक्टमध्ये करायचा ठरला, मात्र माझ्या अटींवर : रिॲक्ट आणि तिचा ब्राउझरचा जोडभाग यांखेरीज पानात दुसरे एकही पॅकेज नाही, राउटर नाही, स्थितीची वेगळी लायब्ररी नाही, आवृत्त्या नेमक्या बांधलेल्या, आणि बांधणीसाठी वापरलेल्या नोडसकट सगळे सामान ग्राहकाच्याच सर्व्हरवर जपून ठेवलेले.

तिची एका बाबतीत कुरकुर होती. कामे बोटाने ओढून एका मशीनवरून दुसऱ्यावर टाकायची तर त्यासाठी तयार पॅकेज घेणे तिला रास्त वाटत होते, आणि शिकवण्यांमध्ये जिचे नाव सर्रास घेतले जाई ती अटलासियन कंपनीची लायब्ररी तिला येतही होती. ती उघडून पाहिली तर तिच्यावर आता कोणी काम करत नाही अशी सूचना तिच्या कर्त्यांनीच लावलेली. दुसरी शोधावी की स्वतः लिहावी यावर आम्ही घोळ घालत असताना मी फलकाचा कच्चा नमुना घेऊन कारखान्यात गेलो. सुपरवायझरने हातमोजे न काढता पडद्याला बोट लावले, ओढून पाहिले, काहीच हलले नाही. त्याने वर आणि खाली असे दोन बाणच द्या म्हणून सांगितले, आणि जमल्यास मोठे. ते आम्ही दिले आहेत.